आघाडी नव्हे, उघाडी

पनवेल
१२ जानेवारी १९९४

श्री. धर्मराज बुधाजी नाखवा यांस,
मु. करंजा, ता. उरण

स. न. वि. वि.

आपला पत्ता मासळी बाजारातल्या काशीरामकडून मिळाला. तो आपला सख्खा मेहुणा असल्याने चुकीचा नसावा. पत्र लिहिण्यास कारण की, बंदरबागेतील ओढ्याचे काम काढण्याचे पालिकेत घाटत असून, ओढा खाडीला मिळतो तेथील जुन्या उघाडीची माहिती हवी आहे. सदर उघाडीची देखभाल आपले वडील कै. बुधाजी यांच्याकडे होती. तिचा उंबरा नेमका कोठे व किती खोल, हे दप्तरात सापडत नाही. आपणांस आठवत असल्यास कळवावे.

इथवर लिहिलं आणि सुनीताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पंधरा वर्षांनी मित्राला पत्र लिहिताय की पाणीपट्टीची नोटीस काढताय?" बायको आहे, बोलणारच. पण दुसरा कागद घ्यायचा कंटाळा आला, म्हणून याच कागदावर पुढे लिहितो आणि 'आपण' सोडून देतो.

मी अजून पालिकेत ओव्हरसियरच आहे. केस गेले, खुर्ची तीच आहे. एकतीस मेला रिटायर होतोय. जाण्याआधी ही एक फाईल मार्गी लावावी म्हणतो. फाईल साधी आहे. ओढ्याकाठची भिंत पाडायची, बागेच्या खालच्या अंगाला टाकलेला भराव उपसायचा, म्हणजे पावसात ओढ्याला पसरायला जागा होईल. आणि उघाडी पुन्हा चालू करायची.

आमचे नवे मुख्याधिकारी नागपूरकडचे. त्यांनी विचारलं, उघाडी म्हणजे काय हो? मी सांगितलं, बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीला खाडीचं पाणी त्याला ढकलतं नि ते मिटतं. ओहोटीला ओढ्याचं पाणी आतून ढकलतं नि ते उघडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. ते म्हणाले, "वा, मग इतकी चांगली गोष्ट बंद कुणी केली?"

मी म्हटलं, फाईल बघून सांगतो.

तेव्हा उंबऱ्याचं काय ते कळव. वहिनींना नमस्कार.

कृष्णकांत टिपणीस

—

पनवेल
९ फेब्रुवारी १९९४

प्रिय धर्मराज,

उत्तर नाही. टपाल खात्याला शिव्या घालणार होतो, पण काशीराम म्हणाला, "पत्र पोचला. भावजींनी मनावर घेतला का नाय, ता मना ठाव नाय." मग बोंबलांचा वाटा पिशवीत टाकून म्हणाला, "तुमी लिवत ऱ्हावा." म्हणून लिहितोय.

मुख्याधिकाऱ्यांना फाईल दाखवली. पहिल्याच पानावर माझी सही आहे, १९७९ सालची. भिंतीचा नकाशा माझा, भरावाचं मोजमाप माझं, आणि उघाडीच्या तोंडात काँक्रीट ओतल्याचा दाखलाही माझाच. त्यांनी फाईल मिटून माझ्याकडे सरकवली. सज्जन माणूस आहे. मला वाटलं, बोलले असते तर बरं झालं असतं.

तुला सगळं आठवतच असेल, तरी मला एकदा लिहू दे. शहराला बाग हवी होती आणि भरतीचं पाणी चढणाऱ्या त्या खाजणात होता चिखल, तिवरांची झाडी नि चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या. मी दोरी लावून मापं घेत होतो, आणि तू गुडघाभर चिखलात उभा होतास. म्हणालास, "किसन, पावसाचा पानी पसराचा कुठं? तू त्याची जागा घेतलीस तर ता आमच्या घरान येल." चौथीपर्यंत एका बाकावर बसलेला माणूस बोलत होता, आणि आजूबाजूला माझे गवंडी नि मजूर ऐकत उभे होते. मी म्हटलं, "तू जाळं बघ. नकाशा मी बघतो."

गवंडी हसले. मीही हसलो. तू हसला नाहीस, आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीस.

तेव्हापासून दर पावसाळ्यात ओढा कोळीवाड्यात शिरतो. एकोणनव्वद साली तर आमच्या गल्लीतही आला. सुनीता टेबलावर स्टोव्ह ठेवून पोहे करत होती, आणि मी पलंगावर मांडी घालून बसलो होतो. तिनं विचारलं, "हे पाणी कुठून आलं?" पालिकेतल्या माणसाच्या बायकोनं असले प्रश्न विचारू नयेत.

आता खरी अडचण सांगतो. बागेच्या त्याच खालच्या अंगाला दुकानांचे गाळे बांधायचे, असा दुसरा प्रस्ताव तयार आहे. आमच्या शहर आघाडीचे नेते इंद्रजीतराव त्याच्या बाजूचे आहेत. माणूस वाईट नाही, पण त्यांना रिकामी जागा बघवत नाही. दोन्ही विषय अठरा मार्चच्या सर्वसाधारण सभेत येणार. आपला मंजूर झाला तर ओढा मोकळा होईल. गाळ्यांचा झाला तर खाजणावर पक्कं काँक्रीट चढेल, आणि मग माझी चूक कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. मला ती माझ्या डोळ्यांदेखत, खुर्ची सोडायच्या आत दुरुस्त झालेली हवी आहे.

कोळीवाड्यातून गंगाबाई निवडून आल्यात, बायकांच्या राखीव जागेवर. त्या आपल्या बाजूच्या आहेत. मला बघितलं की विचारतात, "टिपनीससायब, भित कवा पारता?"

कृष्णकांत

—

पनवेल
२ मार्च १९९४

प्रिय धर्मराज,

तू उत्तर देत नाहीस ते एका अर्थी बरंच आहे. आज समोर असतास तर हसून हसून आडवा झाला असतास, आणि मला ते सहन झालं नसतं.

सभेची विषयपत्रिका काल सगळ्या सभासदांच्या घरी गेली. विषय क्रमांक सात आपला. मजकूर मी हातानं लिहून सुमतीबाईंकडे दिला होता. त्या आमच्या टंकलेखिका. माहेर सातारचं, सासर कऱ्हाडचं. खाडी त्यांनी एसटीच्या खिडकीतून बघितलेली. स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाईल निघाली, शिपाई वाटूनही आला. त्यात छापलंय ते अक्षरशः उतरवून देतो:

"विषय क्र. ७. बंदरबागेतील आघाडी कुजून निकामी झाली असून परिसरात दुर्गंधी सुटली आहे. सबब सदर आघाडी मुळापासून उखडून काढणे व तिचे जागी नवीन आघाडी बसविणे, जेणेकरून तुंबलेल्या घाणीस वाट मिळेल, याबाबत विचार करणे."

तू करंज्याला असतोस, म्हणून सांगतो. पालिकेत सत्ता आहे ती पाच गटांनी मिळून केलेल्या शहर आघाडीची. आणि या आघाडीची रोज संध्याकाळची बैठक भरते कुठे? बंदरबागेतल्या गोल चबुतऱ्यावर!

सकाळी अकरापर्यंत फोनची घंटा थांबेना. पाच गटांपैकी प्रत्येकाला वाटलं की उरलेल्या चौघांपैकी कुणीतरी हा विषय घुसडलाय. त्यांची आपसातच जुंपली. विरोधी सभासद अनुमोदनाची पत्रं घेऊन आले, सोबत पेढे. मुख्याधिकारी दार लावून आत हसत होते. काचेतून त्यांचे खांदे दिसत होते.

मग इंद्रजीतराव आले. पांढरे बूट, हातात विषयपत्रिका. माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "टिपणीस, आम्हाला उखडणार तुम्ही? आणि तेही मुळापासून?"

"साहेब, टंकलेखनाची चूक आहे. उघाडीचं आघाडी झालं."

"आणि दुर्गंधी?"

"ती खरी आहे साहेब. पण ओढ्याची."

त्यांना हसू आलं असावं, पण मागे चार माणसं उभी होती. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. छत्तीस वर्षांच्या नोकरीतली पहिली, आणि रिटायर व्हायला तीन महिने असताना! त्याहून वाईट म्हणजे ते जाताना म्हणाले, "सात नंबर मी पुकारूच देत नाही. थेट आठ घ्या." आठ म्हणजे गाळे.

नोटिशीला मी लगेच उत्तर लिहून टाकलं. 'सदर चूक टंकलेखिकेच्या हातून अनवधानाने झाली आहे.' सुमतीबाई दुपारी डबा न खाताच बसल्या होत्या.

कृष्णकांत

—

पनवेल
१९ मार्च १९९४

प्रिय धर्मराज,

झालं! ठराव झाला! काल दुपारी चार वाजता, एकमतानं! पण मी क्रमानं सांगतो, नाहीतर सुनीता म्हणते तसं शेवट आधी सांगून मोकळा होईन.

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट खोटी लिहिली. चूक सुमतीबाईंची नव्हती. माझा उ लांबून आ वाटतो, हे आपल्या चौथीच्या गुरुजींनी पट्टी मारून सांगितलं होतं. शिवाय सुमतीबाई कागद घेऊन आल्या होत्या. "साहेब, हे आघाडीच ना?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी फोनवर बोलत होतो, न बघता मान हलवली होती.

नोटिशीचं ते उत्तर लिहून घरी आलो आणि जेवण जाईना. असं उत्तर मी पूर्वीही एकदा लिहिलंय, हे आठवलं. ऐंशी सालच्या श्रावणात तुमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. वहिनींची सुकटीची सगळी पोती भिजली, अख्ख्या हंगामाची मेहनत गेली. पंचनाम्याला मीच आलो होतो. नुकसानीचं कारण, या रकान्यात मी लिहिलं, 'अतिवृष्टी'. तू ते वाचलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि सही केलीस. दिवाळीच्या आत तुम्ही करंज्याला गेलात. भिंतीबद्दल मी स्वतःला माफ करू शकलो असतो रे. माणूस चुकतो. पण त्या एका शब्दाबद्दल नाही. भिंत मला माहीत होती आणि मी पावसाचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटिशीचं उत्तर परत घेतलं आणि नवीन लिहिलं की चूक माझी. सुमतीबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे साहेब, पण ती उघाडी का काय ती एकदा दाखवा मला." मी त्यांना ओढ्याच्या तोंडाशी नेलं. काँक्रीट बघून म्हणाल्या, "यात बघण्यासारखं काय आहे?" बरोबरच होतं त्यांचं.

आता सभा. प्रेक्षकांत कोळीवाड्यातल्या वीसेक बायका, डोक्यात अबोली, मांडीवर रिकाम्या पाट्या. सहावा विषय संपला आणि इंद्रजीतराव उठले. "सात नंबर तहकूब ठेवावा."

विरोधक ओरडले, "का? भीती वाटते काय?"

"मजकूर अपमानास्पद आहे!"

"खरा आहे म्हणा की!"

अध्यक्ष घंटा वाजवत राहिले. त्या गोंधळात गंगाबाई उभ्या राहिल्या. सव्वादोन वर्षांत त्या सभागृहात एकदाही बोलल्या नव्हत्या, त्यामुळे सगळे गप्प झाले. त्या म्हणाल्या, "आगाडी नाय हो, उगाडी! तुमी सगली शिकलेली मानसा, एक दार ठाव नाय तुमाना? आगाडी आज हाय, उद्या नाय. आमाना त्याचा काय? उगाडी बंद हाय म्हनून आमच्या चुलीन पानी येते."

सभागृह इतकं हसलं की अध्यक्षांनी घंटा खाली ठेवली. पाट्यावाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रजीतरावही हसले, पण ते मुरलेले. म्हणाले, "गंगाबाई, बागेत पाणी सोडायला लोकांनी आपल्याला निवडून दिलं का?"

"बागेन नाय सोरला तर ता घरान येते. तुमच्या घरान येत नाय, म्हनून तुमाना बाग दिसते."

मग इंद्रजीतरावांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "टिपणीस, ही भिंत बांधली कुणी?"

मी उभा राहिलो. म्हटलं, "मी बांधली साहेब. चुकून बांधली."

"त्या वेळी कुणी सांगितलं नाही?"

"एकानं सांगितलं होतं. धर्मराज बुधाजी नाखवा, राहणार कोळीवाडा. ते म्हणाले होते, पाणी घरात येईल. मी ऐकलं नाही. दर वर्षी येतं ते पाणी अतिवृष्टीचं नाही, माझ्या भिंतीचं आहे."

मागे बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी वहिनींचं नाव घेऊन म्हणालं, "दमयंतीचा घोव!" आणि कुजबूज झाली.

त्यानंतर जे घडलं ते शहाणपणानं घडलं असं मी म्हणणार नाही. विषय तहकूब केला तर उद्या गावभर होईल की आघाडी एका दाराला घाबरली. विरोधात मत दिलं तर 'कुजलेली' हे अंगाला चिकटेल. इंद्रजीतरावांनी दोन मिनिटं विचार केला आणि स्वतःच सूचक म्हणून उभे राहिले! "उघाडी झालीच पाहिजे. आमच्या आघाडीचा उघाडीला पूर्ण पाठिंबा आहे." विरोधक आधीच पेढे वाटून बसलेले, त्यांना मागे फिरता येईना. एकूण एक हात वर. आठवा विषय त्याच जागेचा, त्यामुळे तो आपोआप निकाली निघाला.

ठराव क्रमांक एक्केचाळीस. इतिवृत्त सुमतीबाईंनी टाइप केलं आणि मी या वेळी चष्मा लावून तीनदा वाचलं. त्यात एक वाक्य आहे: 'श्री. धर्मराज बुधाजी नाखवा यांनी सन १९७९ मध्ये दिलेला सल्ला योग्य होता, अशी नोंद ही सभा घेत आहे.' हे वाक्य मी सुचवलं आणि गंगाबाईंनी अनुमोदन दिलं. प्रत सोबत जोडली आहे. शिक्का खरा आहे.

कृष्णकांत

—

पनवेल
८ मे १९९४

प्रिय धर्मराज,

सरकारी काम नि सहा महिने थांब म्हणतात. हे काम सात आठवड्यांत इथवर आलंय. गंगाबाई रोज सकाळी पालिकेच्या पायरीवर बसतात. त्यांना ओलांडून आत जायची कुणाची हिंमत नाही. इंद्रजीतराव रोज येऊन विचारतात, "आपली उघाडी कुठवर आली?" आपली!

भिंत गेली. पहिला घण मी मारला. हात झिणझिणला, दोन दिवस जेवताना चमचा धरवेना, पण मारला. भराव उपसताना खालून काळा चिखल निघाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यात भोकं दिसली. संध्याकाळी बघतो तर निवटी! एक, दोन, मग मोजता येईनात. पंधरा वर्षं बिचाऱ्या कुठे राहिल्या होत्या कोण जाणे. सुनीताला दाखवायला घेऊन गेलो. ती म्हणाली, "ह्यांच्यासाठी एवढं?" आणि मग अर्धा तास तिथून हलेना.

उघाडीचा उंबराही सापडला, काँक्रीटच्या खाली चार फुटांवर. दगडी आहे, जसाच्या तसा. तू कळवलं असतंस तर दोन दिवस वाचले असते, पण असो. दार जांभळीच्या लाकडाचं केलंय, पाण्यात कुजत नाही म्हणून. जुना नकाशा दप्तरात एका ट्रेसिंग पेपरवर मिळाला. अक्षरं पार उडालेली, रेघा तेवढ्या शाबूत होत्या. त्यावरून दार बागेच्या अंगाला, आतल्या बाजूनं टांगतोय. बिजागऱ्या पितळी.

पंचवीस मेला वैशाखी पौर्णिमा. दुपारी बाराला उधाणाची भरती, तेव्हाच दार लावून बघायचं ठरलंय. अध्यक्ष फीत कापणार. तू यावंस असं मला वाटतं. हे मी आतापर्यंत एकाही पत्रात लिहिलं नव्हतं. ये, धर्मराज. बोलू नकोस माझ्याशी, पण ये.

कृष्णकांत

—

पनवेल
२७ मे १९९४

धर्म्या,

परवा सकाळी दहा वाजता, अध्यक्ष, मुख्याधिकारी, इंद्रजीतराव आणि निम्मं पनवेल जमलेलं असताना, तू मंडपातून सरळ चालत आलास आणि सगळ्यांदेखत ओरडलास, "अरे गारवा! दार उलटा लावलास!"

पंधरा वर्षांनी तुझ्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द, आणि सुरुवातच 'गाढवा'नं. मला इतकं बरं वाटलं की दार उलटं म्हणजे काय हे कळायलाच दोन मिनिटं गेली.

आतल्या अंगाला टांगलेलं दार भरतीला खाडीचं पाणी आत ढकलून उघडणार, आणि ओढ्याच्या पाण्यानं घट्ट मिटणार. म्हणजे बरोबर उलटं काम. समुद्र सगळा कोळीवाड्यात आणि ओढाही तिथेच! तू पुढे होऊन तो ट्रेसिंग पेपर उन्हात धरलास, पालथा केलास, आणि म्हणालास, "ह्यो बघ. पाठीकरून वाचलास." गंगाबाई म्हणाल्या, "मना कवाचा वाटत व्हता, काय तरी येगला हाय." इंद्रजीतरावांनी फीत गुंडाळून खिशात घातली.

भरतीला दोन तास होते. तू सदरा काढून माझ्या हातात दिलास आणि उतरलास. मग मीही उतरलो. धोतर नेसणाऱ्यानं चिखलात उतरू नये हे आता मला पक्कं ठाऊक आहे. चार बिजागऱ्या काढल्या, दार उचललं, बांधापलीकडे नेलं, खाडीच्या अंगानं पुन्हा टांगलं. त्या दोन तासांत तू मला "डावीकडं", "उचल", "तसा नाय रे" आणि "सोर" एवढंच म्हणालास. मी फक्त "हो" म्हणालो.

आणि मग पाणी आलं. तुझ्या नि माझ्या पोटऱ्यांना लागलं, दाराला लागलं, आणि दार कुणीही हात न लावता हळूच मिटलं. सुमतीबाई सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. तीन वाजेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. ओहोटी लागली, खाडी उतरली आणि दार बाहेर उघडलं, ओढ्याचं काळं पाणी धो धो खाडीत जाऊ लागलं. कोळणींनी नाचायला सुरुवात केली. इंद्रजीतराव पांढऱ्या बुटांसकट नाचले.

वहिनींना मी सांगितलं की धर्मराजला बोलवायचं म्हणून दार मुद्दाम उलटं लावलं, पत्रातही मुद्दाम तसं लिहिलं. त्या हसल्या. तुला खरं सांगतो, तसं काही नव्हतं. मी खरोखरच चुकलो होतो. तू आला नसतास तर परवा मी कोळीवाडा बुडवलाच असता, दुसऱ्यांदा. मी विचारलं होतं, पत्र वाचल्याबरोबर का नाही आलास, इतके दिवस का थांबलास? तू म्हणालास, "मना वाटला, येवड्या मानसांत एकाला तरी कलंल." आम्हा कुणालाच कळलं नव्हतं रे.

संध्याकाळी बागेत चहा पिताना वहिनींनी मला जे सांगितलं, त्यानं मात्र माझा कप कलंडला. म्हणे, माझी पत्रं तू घरात वाचलीच नाहीस. करंज्याच्या धक्क्यावर, मासळी उतरायच्या वेळेला, वहिनी ती बाजारात ओरडावं तशा आवाजात वाचत होत्या, आणि सगळा धक्का ऐकत होता! आघाडीचं पत्र लोकांनी तीनदा वाचायला लावलं. अतिवृष्टीचंही वाचलं. ते वाचल्यावर तू जाळं टाकून उठून गेलास, असं वहिनी म्हणाल्या. ठराव तुझ्या घरी भिंतीला लावलाय हेही त्यांनीच सांगितलं. परवा धक्क्यावरची जी दहा-बारा माणसं तुझ्यासोबत आली होती, ती माझ्याकडे बघून का हसत होती ते तेव्हा कळलं.

मंगळवारी माझा शेवटचा दिवस. बुधवारी पहिल्या एसटीनं करंज्याला येतोय. सुनीताही येतेय.

म्हणून हे पत्र तेवढं धक्क्यावर वाचायला देऊ नकोस. यात पुढे एक गोष्ट लिहायची आहे, जी परवा चिखलात उभं राहून तोंडातून निघाली नाही. ती अशी की पंधरा वर्षं, मासळी बाजारातून जाताना, पाणी भरताना, कुठलाही नकाशा उलगडताना, मला तुझी आठवण यायची, आणि मी ती कुणालाही, सुनीतालासुद्धा, सांगितली नाही. मला लाज वाटायची. आता वाटत नाही.

बरं, वाचू दे वहिनींना. मोठ्यानं वाचू दे.

तुझा
किसन